माझं सोयाबीन तुमच्या रांगेत भिजलं : मा. पणनमंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. पणनमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

काल रात्री साडेअकराला ट्रॉली रिकामी करून घरी आलो, झोप काही लागेना म्हणून लिहायला बसलो. वेळ काढून वाचावं ही विनंती. मी तीन रात्री काढल्यात, तुम्हाला पाच मिनिटं पुरतील.

यंदा, म्हणजे २०२५ च्या खरिपात, सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. काल मी २२ क्विंटल मोंढ्यात (बाजार समितीत) विकलं ४,१५० नं. वजाबाकी करा. क्विंटलमागे १,१७८, म्हणजे एकूण पंचवीस हजार नऊशे सोळा रुपये. हे कशापायी गेले तर तुमच्या हमीभाव खरेदी केंद्रावरच्या मीटरनं ओलावा १३.४ टक्के दाखवला आणि नियम आहे १२ चा.

आता नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. बाराच्या वर हवा असली (आमच्याकडे ओलाव्याला हवाच म्हणतात) की गोदामात माल तापतो, बुरशी धरतो, हे मलापण कळतं, वीस वर्षं सोयाबीनच करतोय. म्हणून तर बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) मोडून मळणी झाल्यावर अंगणात ताडपत्रीवर सहा दिवस वाळवलं, आईनं दिवसातून तीनदा पायानं सारलं, तिचं वय बहात्तर. गावातल्या आडत्याकडं मीटर आहे त्याच्यावर बघूनच निघालो, ११.६ आलं होतं. माल आणा म्हणून एसएमएस आला, नोंदणीचा अंगठा आधीच दिलेला, सगळं रीतसर. केंद्रावर गेलो तर पुढं अठ्ठावन्न ट्रॅक्टर. बारदाना (माल भरायची रिकामी पोती) संपलेला. पहिल्या दिवशी बारदाना आला नाही, दुसऱ्या दिवशी काटा बंद, तिसऱ्या दिवशी पोर्टल चालेना. रात्री उघड्यावर, नोव्हेंबरचं दव एवढं की सकाळी ताडपत्रीवरनं हातानं पाणी निपटावं लागत होतं, आणि ताडपत्रीच्या आतपण घाम धरलेला. सोयाबीनचा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो साहेब. कोरड्या हवेत सुकतो, दमट हवेत परत फुगतो. चौथ्या दिवशी सकाळी आठला, धुकं अजून उठलेलं नसताना, ग्रेडरनं (माल तपासणाऱ्यानं) वरच्याच कट्ट्यात (पोत्यात) बोट घालून मूठभर दाणे काढले, मीटरमध्ये टाकले आणि "तेरा पॉइंट चार, काका बाजूला घ्या".

बाजूला घ्या! मी म्हटलं दुपारी परत बघा, मधल्या कट्ट्यातलं बघा. तो म्हणाला परत रांगेत लागा. पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल, त्याच्यावर राग नाही माझा, त्याला वरून जे सांगितलंय ते तो करतो.

म्हणजे मीटरनं माझं सोयाबीन मोजलंच नाही, तुमची रांग मोजली.

आणि हिशोबच करायचा तर नीट करू. १३.४ चं सोयाबीन १२ वर आणलं तर शंभर किलोतलं साधारण दीड-पावणेदोन किलो पाणी उडतं. हमीभावानं त्याची किंमत पंच्याऐंशी-नव्वद रुपये. तेवढे कापा ना! शंभर कापा, मी हूं का चूं करणार नाही. पण नव्वद रुपयाच्या पाण्यासाठी माणसाला ११७८ चा खड्डा, ही कुठली अक्कल? त्यात ट्रॉलीचं भाडं दिवसाला पंधराशे, ते वेगळंच. आणि मोंढ्यात ज्यानं घेतलं त्यानं मीटर लावलंसुद्धा नाही, दाताखाली दाणा फोडला आणि भाव सांगितला.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं १५ टक्क्यांपर्यंतचं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली होती. तेव्हा गोदामं सडली का? नाही. तेव्हा विधानसभेची निवडणूक होती. कुणी सहा हजार भाव देतो म्हणालं, कुणी सात हजार, आमच्या पारावर तर लोक आठाची वाट बघत होते. यंदा विधानसभेची निवडणूक नाही तर दाण्याला बारा म्हणजे बाराच.

खरेदी सुरू केली कधी, १५ नोव्हेंबरला. सोयाबीन निघतं ऑक्टोबरात, दिवाळी होती २१ ला. बियाण्याची उधारी, मळणीवाला, मजुरी, पोरांचे कपडे, सगळं दिवाळीच्या आत द्यायचं असतं. ज्यांना दम नव्हता त्यांनी तेव्हाच ३,८००-४,००० नं घातलं. मी दम धरला, शहाणपणा केला.

त्याच्याआधी सप्टेंबरचा पूर. ३१,६२८ कोटींचं पॅकेज टीव्हीवर बघितलं, कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, माझे दोन हेक्टर, सतरा हजार आले, नाही म्हणत नाही. पण ते एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं पंचवीस हजार काढून घेतल्यावर उरलं काय.

आणि भाव पडतोच का, हे पण कुणीतरी सांगा एकदा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरनं आणतो, तरी मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून १० वर आणली. शहरात तेल महाग नको, बरोबर आहे, मतं तिथं आहेत. सोयाबीनच्या क्विंटलात तेल निघतं अठरा-वीस किलो, बाकी सगळी पेंड, भाव खरा पेंडीवर ठरतो. आता मक्यापासून इथेनॉल काढायला लागले, त्याचा चोथा स्वस्तात कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि पेंडीला विचारेना कुणी. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालून देश आत्मनिर्भर, शाब्बास, पण त्याचं बिल सोयाबीनवाल्यानं भरायचं हे कुठल्या बैठकीत ठरलं? आम्ही नव्हतो त्या बैठकीला. आम्ही रांगेत होतो.

मध्य प्रदेशात यंदा भावांतर लावलं, बाजारात विका, फरक सरकार देईल. त्यात पण भानगडी असतील, पण निदान ट्रॉली दवात उभी राहत नाही. ते जमत नसेल तर केंद्रावर पत्र्याची शेड टाका, एका दिवशी जेवढं मोजून होईल तेवढ्यांनाच एसएमएस पाठवा, आणि मॉइश्चर जास्त निघालं तर पैसे कापून माल घ्या. यात परदेश दौरा करून शिकायसारखं काही नाही.

बियाण्याला म्हणून चार कट्टे घरात ठेवलेत. खोटं वाटत असेल तर या मीटर घेऊन. फक्त सकाळी आठला येऊ नका, दुपारी तीनला या.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक सोयाबीनवाला