खाणींच्या डोंगरातलं पाणी गाळून चालत नाही

मा. संपादक,

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला आलेले आजीआजोबा आणि नातवंडं सोबत घेऊन कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरांत तंबू ठोकायचे बेत अनेक मराठी घरांत होतात. सिल्व्हरटन, युरे आणि लेक सिटी या जुन्या खाणगावांना जोडणारा ६५ मैलांचा ‘अल्पाइन लूप’ त्यासाठी लोकप्रिय आहे. पर्यटन पुरवण्यांत त्याचे फोटो सुंदर येतात, पण निघण्याआधी कळायला हवं ते त्यात नसतं.

हा रस्ता सुरुवातीला फसवतो. सिल्व्हरटनपासून ॲनिमस फोर्क्स या ओसाड गावापर्यंतचे १२ मैल साध्या गाडीलाही बहुतेकदा जमतात, कारण १९०४ मध्ये तिथवर खनिजासाठी रेल्वे नेली होती आणि रेल्वेला खडा चढ चालत नाही. त्यापुढच्या वाटा खेचरांच्या आणि खेचरं जुंपलेल्या गाड्यांच्या काळातल्या. सिनॅमन पास १२,६४० फूट, इंजिनिअर पास १२,८०० फूट. तिथे ‘एसयूव्ही आहे ना’ एवढ्यावर भागत नाही. गाडीचं पोट उंच हवं आणि ‘फोर-लो’, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर, हवाच. उतारावर फोर-लो आणि पहिला गिअर, नाहीतर ब्रेक तापून लागेनासे होतात. टायरची हवा ३५ वरून २५ पीएसआयपर्यंत उतरवली तर गाडी कमी आपटते आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती परत भरायला १२ व्होल्टचा पंप हवा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी इथे आणू नये. बहुतेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि नुकसान आपल्या अंगावर येतं. जीप याच गावांत भाड्याने मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेव्हा बाराच्या आत खिंडीवरून खाली यावं.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. खाणीतल्या पायराइटला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते खडकातलं जस्त, कॅडमियम, शिसं विरघळवतं. ओढ्यातल्या दगडांवर नारिंगी थर दिसला की समजावं. पण पाणी काचेसारखं नितळ असलं तरी भरवसा नाही. ट्रेकिंगचा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. उकळल्याने तर ते जास्तच दाट होतात. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन पाणी फुटलं आणि ॲनिमस नदी नारिंगी झाली. ती बातमी जगभर गेली, पण कित्येक बंद खाणींतून असं पाणी रोज वाहतंच आहे. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गावातूनच भरून घ्यावं.

मुलांना वाळूसारखे वाटणारे करडे-पिवळे ढिगारे म्हणजे खाणीचा गाळ. त्यात शिसं असतं, त्यावर गवतही उगवत नाही. तिथे तंबू नको, खेळणं नको. जेवणाआधी हात साबण-पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. जुन्या खाणीच्या बोगद्यात तर पाऊलही टाकू नये: लाकडी टेकू कुजलेले, हवेत प्राणवायू कमी, कधीकधी जुनी स्फोटकंही.

उंचीची सवय व्हावी म्हणून पहिली रात्र ७,७९२ फुटांवरच्या युरेत काढावी. वर डोकं दुखून उलटी झाली तर गोळी देऊन पुढे न रेटता खाली उतरावं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या आजीआजोबांनी आधीच डॉक्टरांना विचारावं. सिल्व्हरटनला, म्हणजे ९,३१८ फुटांवर, पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटाखाली टणकच लागते. छोटा कुकर न्यावा आणि दोन-तीन शिट्ट्या जास्त कराव्यात.

पुरवणीत पुढच्या वेळी या रस्त्याचे फोटो छापाल तेव्हा निदान पाणी आणि गाळ या दोन गोष्टींची चौकट शेजारी द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, डेन्व्हर