पॅच निघाला, पण टेबलावर बसवायचा कुणी? : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : शासकीय कार्यालयांतील ई-मेल प्रोग्रॅममधल्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करण्यासाठी मुदत आणि जबाबदार व्यक्ती ठरवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक देखभालीची कामे घेतो. सरकारी कार्यालये, पतसंस्था, काही शाळा. वर्षाचा करार असतो, बिघाड झाला की फोन येतो आणि आम्ही जातो. टोनर संपला तर तासाभरात फोन. अँटिव्हायरसचे लायसन्स संपून कोपऱ्यात लाल खूण आली की साहेबांचा स्वतःचा फोन. आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल प्रोग्रॅमसाठी मात्र फोन येतो तो फक्त मेल यायचे थांबले तर. तो २०१३चा आहे की २०१६चा, त्याला शेवटचे अपडेट कधी मिळाले, हे कुणी विचारत नाही. मेल येतायत, जातायत, म्हणजे सगळे ठीक. पण प्रोग्रॅमला भोक असले तरी मेल येतात-जातातच, आणि म्हणून हे पत्र.

एकच प्रकरण जरा सविस्तर सांगतो. १४ मार्च २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या आउटलुकमधली एक त्रुटी दुरुस्त केली. त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२३३९७ आणि तीव्रता १०पैकी ९.८. युक्रेनच्या सर्ट या सायबर सुरक्षा पथकाने ती कळवली होती. रशियातले हल्लेखोर एप्रिल २०२२ पासून तरी ती वापरत होते आणि युरोपातली सरकारी, वाहतूक, ऊर्जा व लष्करी क्षेत्रातली कार्यालये त्यांच्या निशाण्यावर होती, हे मायक्रोसॉफ्टनेच नंतर सांगितले. म्हणजे पॅच (त्रुटीवर कंपनीने दिलेली दुरुस्ती) निघायच्या आधी जवळपास वर्षभर चोरवाट चालू होती.

त्रुटी होती रिमाइंडरच्या आवाजात. मीटिंगची आठवण करून देताना आउटलुक जी टिंग वाजवतो, ती कुठल्या फाइलमधून वाजवायची हे पाठवणाऱ्यालाच ठरवता येत होते. हल्लेखोर त्या जागी स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकत. वेळ टळून गेलेली आठवण मेलबॉक्समध्ये येऊन पडली की आउटलुक टिंग वाजवायला थेट त्या सर्व्हरकडे जाई. तिथे पोचल्यावर विंडोज आपल्या जुन्या सवयीने लॉगिन करून बघे आणि पासवर्डपासून तयार झालेला सांकेतिक मजकूर, म्हणजे एनटीएलएम हॅश, समोरच्याच्या हातात देई. त्या हॅशवर हल्लेखोर दुसऱ्या यंत्रणेत त्याच माणसाच्या नावाने शिरू शके. घरच्या एकट्या संगणकाला याचा धोका कमी. जिथे अख्खे कार्यालय एकाच डोमेनवर, म्हणजे एकाच मध्यवर्ती लॉगिन यंत्रणेवर, जोडलेले आहे तिथे फार मोठा. आणि यात क्लिक कुठेच नाही. अटॅचमेंट नाही, मेल उघडण्याचीही गरज नाही. ‘अनोळखी मेल उघडू नका’ असे पोस्टर प्रत्येक भिंतीवर लावले, सगळ्यांची सायबर जागृती कार्यशाळा घेतली, तरी या त्रुटीसमोर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. लावायचा होता तो पॅच.

पुढची गोष्ट आमच्या धंद्याच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. मार्चच्या दुरुस्तीत आउटलुक आधी तपासू लागला की आवाजाच्या फाइलचा पत्ता आतला आहे की बाहेरचा. अकामाई कंपनीच्या संशोधकाने दाखवून दिले की पत्त्यात एक बॅकस्लॅश जास्तीचा घातला की प्रोग्रॅमच्या तपासणाऱ्या भागाला तो पत्ता आतला वाटतो, आणि फाइल आणणारा भाग मात्र बाहेरच जातो. एका अक्षराने दुरुस्ती निकामी. ही फट मे २०२३ मध्ये बुजवली गेली, पण ती आउटलुकच्या अपडेटमधून नव्हे, विंडोजच्या. आता ज्या संगणकावर विंडोज ७ आहे त्याचे काय? त्या विंडोजचा पैसे भरून मिळणारा आधारही (सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून सुरक्षा अपडेट मिळणे) जानेवारी २०२३ मध्येच संपला होता. तिथे मार्चचे मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे (आउटलुक त्यातच येतो) अपडेट कुणी इमानेइतबारे टाकले असेल, तरी मेची फट उघडीच राहिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा तसेच. मेलमधल्या लिंकच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि त्यापुढे काहीही लिहिले की आउटलुकची नेहमीची सूचना येत नव्हती आणि बाहेरून आलेली फाइल फक्त वाचण्यापुरती उघडणाऱ्या प्रोटेक्टेड व्ह्यूला बगल मिळत होती. पॅच निघाला १३ फेब्रुवारी २०२४ रोजी. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याची नोंद केली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. हल्लेखोर वर्षभरानंतरही त्याच दारावर येतात, कारण दार उघडे सापडेल याची त्यांना खात्री असते.

आता आपल्याकडच्या टेबलापाशी या. आवक-जावकचा संगणक. विंडोज अपडेट बंद करून ठेवलेले. ‘हे कुणी बंद केलं?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘आधीच्या माणसानं केलंय, चालू करू नका हं, मागच्या वेळी अपडेट मारलं आणि प्रिंटर गेला.’ यातला राग खोटा नाही. २०२१ मध्ये प्रिंटिंगची एक गंभीर त्रुटी बुजवताना मायक्रोसॉफ्टच्या अपडेटांनी जगभर नेटवर्क प्रिंटर खरोखरच अडवले होते. ज्याच्या टेबलासमोर दाखल्यासाठी वीस माणसे उभी असतात, त्याने प्रिंटरची बाजू घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. दुसरे कारण मराठी टायपिंगचे. वर्षानुवर्षांच्या फाइली जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, तो टायपिंगचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच नीट चालतो, म्हणून विंडोज जुनेच ठेवायचे. तिसरे कारण कुणी लेखी देणार नाही, पण सगळ्यांना माहीत आहे : संगणक खरेदीत विंडोज येते, ऑफिसचे पैसे तरतुदीत नसतात, मग कुणीतरी पेन ड्राइव्हवरून ‘चालणारे’ ऑफिस टाकून देतो. अशा ऑफिसला अपडेट द्यायची हिंमत कोण करणार?

यात माझ्यासारख्यांचाही धंदा आला. आमच्या करारात काय असते? बिघाड झाल्यावर किती तासांत यायचे, सुटा भाग कुणाच्या खर्चाने, किती भेटी. चालू संगणक अद्ययावत ठेवणे हे काम त्यात लिहिलेलेच नसते. उलट अपडेट टाकले आणि काही बिनसले तर ती तक्रार आमच्या नावावर चढते, बिल अडते. निविदा जातात सर्वात कमी दराला, आणि ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम सर्वात कमी दरात कुणी करत नाही. रेशन दुकानात धान्य उतरले म्हणून घरोघरी भाकरी झाली असे कुणी म्हणत नाही. पॅचच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच धरून चालतो.

केंद्राची सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्था इशारे काढते, चांगले काढते. त्यात त्रुटीचे वर्णन असते आणि शेवटी उत्पादकाने दिलेले अपडेट टाकावे असा सल्ला असतो. तो सल्ला तालुक्याच्या कार्यालयात कुणी वाचायचा, हे मात्र कुठेच ठरलेले दिसत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्याच आदेशात माहीत असलेली त्रुटी किती दिवसांत बुजवायची याची मुदत नाही. चोरी झाल्याची वर्दी ६ तासांत, आणि कुलूप लावायचे सवडीने!

अमेरिकेचे सगळेच अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची जाहीर यादी ठेवली जाते आणि प्रत्येक नोंदीसमोर तारीख असते. केंद्र सरकारच्या नागरी कार्यालयांनी त्या तारखेच्या आत दुरुस्ती करायची. रिमाइंडरच्या त्रुटीला ४ एप्रिल २०२३ ही तारीख होती, म्हणजे पॅच निघाल्यापासून तीन आठवडे.

राज्य शासनाला यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे. त्यात अशा त्रुटींसाठी दिवसांत मोजलेली मुदत हवी, आणि प्रत्येक कार्यालयात नावानिशी एक माणूस, ज्याने मुदत संपल्यावर ‘इतक्यांपैकी इतके संगणक झाले’ असे लेखी कळवायचे. जिल्हानिहाय आकडा जाहीर करा. कुठल्या टेबलावर काय राहिले ते जाहीर करू नका, ती हल्लेखोराला मदत होईल. अपडेट आधी जिल्ह्यातल्या चार-पाच संगणकांवर, तिथल्याच प्रिंटरसह आणि तिथल्याच टायपिंग प्रोग्रॅमसह, दोन दिवस चालवून बघण्याची सोय करा. हे केले तर प्रिंटरची भीती निम्मी ओसरेल.

एक काम तर यापेक्षाही सोपे आहे. रिमाइंडरच्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने पॅचशिवायचा जो तात्पुरता उपाय सुचवला, त्यात कार्यालयातून बाहेर इंटरनेटवर जाणारा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कवरचे दार) बंद करणे होते. तो बंद असला की हॅश बाहेरच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. राज्याच्या नेटवर्कवर तो सर्वत्र बंद आहे का, आणि ज्या कार्यालयांनी खासगी ब्रॉडबँड घेतले आहे तिथेही आहे का, एवढे तपासून घ्यावे. फायरवॉलमधला एक नियम आहे तो, खरेदी काही नाही.

ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच दिवशी विंडोज १०चाही, आणि त्यापुढची सुरक्षा अपडेट हवी असतील तर वेगळी नोंदणी लागते. या आवृत्त्यांवरचे आउटलुक आज किती टेबलांवर आहेत, याची मोजणी आधी व्हावी. सगळीकडे नवे लायसन्स घेणे परवडणार नाही हे उघड आहे. ज्यांना फक्त मेल वाचायचे आणि उत्तर द्यायचे आहे त्यांना थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम द्यायला हरकत नाही. तो फुकट आहे आणि त्याची अपडेट नियमित येतात. त्याने सगळे सुटते असा मात्र गैरसमज नको. मे २०१८ मध्ये जर्मन आणि बेल्जियन संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने जे दाखवले, त्यात एन्क्रिप्ट (सांकेतिक) केलेल्या मेलचा मजकूर बाहेर काढता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आउटलुक आणि ॲपल मेलसोबत थंडरबर्डही होता. त्याच्या दुरुस्त्याही पुढच्या आवृत्त्यांतून आल्या. म्हणजे प्रोग्रॅम कोणताही घ्या, अपडेटची मुदत आणि ती पाळणारा माणूस लागणारच.

मार्चअखेरीला पुढच्या वर्षाच्या देखभालीच्या निविदा निघतात. त्यांच्या नमुना करारनाम्यात अपडेटचे काम स्वतंत्र बाब म्हणून यावे, तिला स्वतंत्र दर असावा, आणि ते काम न करणाऱ्याला दंडही असावा. दंड माझ्यावरही लागेल याची कल्पना आहे. कलमाचा कच्चा मसुदा या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
संगणक देखभालीचा एक कंत्राटदार