ती मुसलमान का झाली, असं विचारलंस म्हणून

चिपळूण,
८ फेब्रुवारी २०२६

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू इतकी तावातावाने बोलत होतीस की मी नुसतं हं हं करत बसले. मला बोलायचं होतं तेव्हा नेमक्या तुझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. म्हणून हे पत्र. फोनवर आपण दोघी एकमेकींची वाक्यं तोडतो. कागदावर तुला ते जमणार नाही.

तुझ्या वरच्या मजल्यावरची ती फिजिओथेरपिस्ट मुलगी डिसेंबरात मुसलमान झाली. दोन साक्षीदारांसमोर कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेची कबुली, पढली आणि झालं. तू म्हणालीस, "आई, एवढी शिकलेली, इंग्लंडसारख्या देशात जन्मलेली, असं का करतात गं ही माणसं? कुणीतरी गळाला लावलं असणार."

मने, मागच्या मार्चमध्ये मी सहा आठवडे तुझ्याकडे वोकिंगला होते आणि तू दिवसभर ऑफिसात. त्या मुलीला तुझ्यापेक्षा मी जास्त पाहिलंय. रमजान चालू होता. मला तिथे झोप लागायची नाही. पहाटे साडेचारला छतावर पावलं वाजायची, नळ सोडल्याचा आवाज यायचा, मग भांड्याला चमचा. मला वाटायचं, पोरीची लवकरची ड्युटी असेल. एकदा संध्याकाळी तिने वर बोलावलं. फ्रीजवर लोहचुंबकाने एक कागद लावलेला. रोमन अक्षरांत काहीतरी, आणि कुठे थांबायचं त्याच्या पेन्सिलीने खुणा. मी विचारलं, "परीक्षा आहे का?" ती लाजली. कुराणाचं पहिलं प्रकरण होतं, पाठ करत होती. एक अक्षर घशातून येत नाही म्हणाली आणि मला म्हणून दाखवलं. मलाही आलं नाही. दोघी हसलो.

तेव्हा ती मुसलमान नव्हती. तरी रोजे धरत होती. "करून बघतेय," एवढंच म्हणाली.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय. आपल्याला वाटतं, माणूस आधी पुस्तकं वाचतो, मग त्याला पटतं, मग तो धर्म बदलतो आणि शेवटी नमाज शिकतो. हिचं उलटं झालं. तिच्या हॉस्पिटलात एक सोमाली बाई आहे. रोज दुपारी दहा मिनिटं ती भांडारखोलीत गायब व्हायची. आपल्या या मुलीला वाटायचं, सिगारेट ओढायला जात असेल. एकदा टॉवेल आणायला आत गेली तर ती बाई दोन कपाटांच्या मधल्या जागेत कपाळ टेकून बसलेली. उठली, टॉवेल काढून दिले आणि कामाला लागली. एक शब्द बोलली नाही. हिला तेच लागलं म्हणे. दिवसभर लोकांची दुखणी ओढायची आणि मधेच दहा मिनिटं कुणालाही उत्तर द्यायचं नाही, असं आपल्याला का जमत नाही? गळाबिळा काही नव्हता गं. दोन वर्षं हीच त्या बाईला विचारत राहिली.

आता इतिहासाच्या बाईंचा तास सुरू होतोय. कंटाळा आला तर चहा करून ये.

तू ज्या गावात राहतेस तिथल्या ओरिएंटल रोडवर, रेल्वेरुळांजवळ, हिरव्या घुमटाची ती छोटी मशीद आहे ना, ती १८८९ सालची. लाइटनर नावाच्या, लाहोरला कॉलेजचा प्राचार्य राहिलेल्या माणसाने ती बांधली आणि त्यासाठी पैसा दिला भोपाळच्या शाहजहान बेगमने. ती मुलगी मला तिथे घेऊन गेली होती. तू म्हणाली होतीस, "आई, विंडसर बघ," आणि मी मशीद बघून आले! लाइटनर वारल्यावर ती बरीच वर्षं पडूनच होती. पुढे लाहोरचे एक वकील, ख्वाजा कमालुद्दीन, आले आणि १९१३ च्या सुमारास तिथे पुन्हा नमाज सुरू झाली. त्याच वर्षी लॉर्ड हेडली, म्हणजे खरोखरचे लॉर्ड, मुसलमान झाले. तेव्हाही लंडनच्या पेपरांत हाच प्रश्न होता, असं का करतात ही माणसं?

हेडलींच्याही आधीचा क्विल्यम तर अजून मजेचा. लिव्हरपूलचा सॉलिसिटर, मेथडिस्ट घरातला, दारूबंदीची भाषणं ठोकणारा. मोरोक्कोला जाऊन आला आणि १८८७ मध्ये मुसलमान झाला. त्याच्या शहरात दारूने घरंच्या घरं बसलेली तो रोज बघत होता. ज्या धर्मात दारू मुळातच बाद, तो त्याला किती सरळ वाटला असेल बघ. तत्त्वज्ञान नंतरचं. ब्रॉहॅम टेरेसवरच्या एका घरात त्याने मशीद केली. तिथून बांग व्हायची तेव्हा लोक दगडबिगड मारायचे. तरी त्याने अनाथ मुलांसाठी घर काढलं, रविवारी सभा भरवून चर्चसारखी गाणीसुद्धा म्हणवून घेतली, म्हणजे येणाऱ्याला परकं वाटू नये. ऑटोमन सुलतानाने त्याला ब्रिटिश बेटांचा शेख-उल-इस्लाम, म्हणजे तिथल्या मुसलमानांचा धर्मप्रमुख, केलं. आणि एवढं करून १९०८ मध्ये वकिलीतल्या एका भानगडीपायी गावच सोडून गेला. त्याच्यामागे मंडळी पांगली. त्या घरात पुढे कित्येक वर्षं जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं सरकारी ऑफिस होतं. आता पुन्हा मशीद आहे.

पण मला तुला सांगायचंय ते पिकथॉल नावाच्या इंग्रज लेखकाचं. वोकिंगनंतरचं स्टेशन ब्रुकवुड, तिथल्या कबरस्तानात तो आहे. आपल्या मुंबईचा म्हणायला हरकत नाही, १९२० ते २४ तो बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक होता, गांधीजींच्या चळवळीच्या बाजूने लिहायचा, मग निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेला आणि १९३० साली त्याचं कुराणाचं इंग्रजी भाषांतर आलं. हा पाद्र्याचा मुलगा. अठरा-वीस वर्षांचा असताना सीरिया-पॅलेस्टाइनकडे भटकत होता. तिथली माणसं गरीब असून मोकळी वाटली त्याला. दमास्कसच्या मोठ्या मशिदीतल्या वृद्ध शेखना म्हणाला, मला मुसलमान व्हायचंय. शेख काय म्हणाले असतील? थांब म्हणाले. घरी आई आहे ना तुझी? तिचा विचार कर, मोठा हो, मग बघ.

पोरगं आयतं दारात आलेलं आणि त्यांनी परत पाठवलं, का तर इंग्लंडात कुणीतरी बाई वाट बघत असेल. पिकथॉलने जाहीरपणे इस्लाम स्वीकारला तो १९१७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. मधे बाल्कन युद्धं झाली, महायुद्ध लागलं, तुर्कांविरुद्ध त्याच्या देशात जे बोललं-लिहिलं जात होतं त्याने तो संतापला होता. म्हणजे कारण विचारशील तर राजकारणही होतंच. पण बी पडलं होतं वीस वर्षं आधी.

तू म्हणालीस, लग्नासाठी झाली असेल. तिच्या आयुष्यात कुणी नाही, हे तुलाही माहीत आहे. आणि नियम बघ ना. इस्लामी परंपरेत मुसलमान पुरुष ख्रिस्ती किंवा ज्यू बाईशी तिने धर्म न बदलता लग्न करू शकतो. अडचण येते ती मुसलमान मुलीशी लग्न करणाऱ्या गोऱ्या पोराला. त्याला कलमा पढावा लागतो, आणि त्यातले बरेच फक्त निकाहापुरते पढतात हेही खरं.

दुसरं म्हणजे, ती धर्म सोडून कुठे गेलीय? २०२१ च्या खानेसुमारीत इंग्लंड-वेल्समध्ये ३७ टक्के लोकांनी "धर्म नाही" असं लिहिलं, आणि ख्रिस्ती लिहिणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले. तिचं घर त्या ३७ टक्क्यांतलं. नाताळला झाड, ईस्टरला चॉकलेटची अंडी, पण बाप्तिस्मासुद्धा नाही. तिला धर्म पहिल्यांदाच मिळतोय. तुला आमच्याकडून आपसूक जे मिळालं, मुंजी-बारशी, चतुर्थीचा उपास, आजीचं रागावणं, आणि जे तू सोडून दिलंस (मी काही म्हणत नाही), ते तिला कुणी दिलंच नव्हतं. कधी उठायचं, काय खायचं नाही, मेल्यावर कुणी आंघोळ घालायची, हे सगळं ठरलेलं असण्यातही एक आराम असतो. तुला तो जाच वाटतो, कारण तुला तो फुकट मिळाला.

मुसलमान त्या गणनेत ३९ लाख भरले. त्यांतले असे नव्याने आलेले किती ते कळत नाही, कारण आधीचा धर्म विचारतच नाहीत. स्कॉटलंडमध्ये २००१ ला विचारला होता, त्यावरून बांधलेला एक अंदाज लाखाच्या आसपासचा आहे. म्हणजे पूर लोटलाय असंही नाही. पुराचं आम्हा चिपळूणकरांना सांगू नये.

तू वेस्टमिन्स्टर पुलाचं नाव घेतलंस. खरं आहे, मार्च २०१७ मध्ये माणसांवर गाडी घालणारा जन्माने मुसलमान नव्हता. नव्याने आलेल्याच्या कानात काहीही भरवता येतं, कारण घरातलं जुनं माणूस नसतं कानफटात द्यायला. तो धोका मी नाकारत नाही. पण गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांना चालायला शिकवणारी ही मुलगी आणि तो माणूस एका वाक्यात घेतलेस, ते मला आवडलं नाही.

मला तिचं सगळं पटतं असं समजू नकोस. तिचा तो डोक्यावरचा रुमाल माझ्या घशात अडकतो. डोक्यावरून पदर घ्यायला लावणाऱ्या घरात मी लग्न करून आले, आणि तो पदर खांद्यावर आणायला मला सहा वर्षं लागली. तिने आपणहून वर घेतलाय. तिला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मन काही वळलं नाही.

आणि दुसरं, थोडं हसण्यासारखं. मी तिला आपल्या गोवळकोटच्या खालांबद्दल सांगत होते, त्यांचा दर्ग्याचा नवस, उरूस, फातिह्याचा मलिदा. तर ही गंभीर होऊन म्हणाली, "पण दर्ग्याला नवस हा खरा इस्लाम नव्हे." पोरी, तुला कुराणातल्या एका अक्षराचा उच्चार येईना आणि तू खालांना इस्लाम शिकवतेस! खालांना मी परवा हे सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "नवी हाय. होल सावकास." खालांचा धर्म त्यांच्या हाताला आहे, हिचा अजून कागदावर आहे, फ्रीजवरच्या.

तिची खरी पंचाईत आता आहे बघ. कलमा पढल्यावर मशिदीत सगळे मिठ्या मारतात, डोळे पुसतात, आणि मग आपापल्या घरी जातात. त्यांच्या घरात आजी-नातवंडं, बिर्याणी, पंजाबी गप्पा. ही एकटी खोलीत. पहिली ईद कुणाकडे करायची हा प्रश्न या लोकांना फार छळतो म्हणतात, आणि त्यापायी काहीजण दोन-चार वर्षांत गुपचूप मागेही फिरतात.

आणि तिची आई. तू सांगितलंस ना, डेव्हनला असते आणि नाताळपासून धड बोलत नाही. त्या बाईने नेहमीसारखं जेवण केलं होतं, डुकराच्या मांसात गुंडाळलेले सॉसेज, वाइन घातलेला रस्सा, आणि लेकीने ताट बाजूला सरकवलं. सत्तावीस वर्षं जे खाऊन मुलगी वाढली ते तिने नको म्हटलं. त्या आईला एकेश्वरवाद वगैरे काही ऐकू आलं नसेल. तिला ऐकू आलं, तुझ्या हातचं नको. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये तिकडेच, वाँटेजला, ख्रिस्ती झाल्या तेव्हा इथे किती गदारोळ झाला ते आपण वर्गात शिकवतो. ना. वा. टिळक झाले तेव्हा मागे राहिलेल्या बायकोचं काय झालं, ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिलं म्हणून तरी कळलं. बाकी मागे राहिलेल्यांचं कोण लिहितो?

त्या दमास्कसच्या म्हाताऱ्याचं मला म्हणूनच राहून राहून आठवतं.

तेव्हा आता माझं ऐक. येत्या १८-१९ तारखेला रोजे सुरू होतील. तू तिला जे बोललीस, "तुझं डोकं फिरलंय का," ते तू मला सांगितलंस, म्हणजे तुलाही टोचतंय. एक दिवस संध्याकाळी तिला खाली बोलाव. फार काही करू नकोस, तुझं ऑफिस असतं. साबुदाण्याची खिचडी कर, तुला ती बरी जमते, आणि उपास सोडायला खजूर तिथेच घे. कुरियरने बेसनाचे लाडू पाठवतेय. तूप घरचं आहे, त्यात प्राण्यांच्या हाडाकातड्याचं जिलेटिन वगैरे नाही, तसं तिला सांग, कारण ती डब्यामागची बारीक अक्षरं वाचत बसते हे मी पाहिलंय. आठ लाडू वेगळ्या पिशवीत आहेत. ते तिच्या आईसाठी. डेव्हनला जाईल तेव्हा घेऊन जाऊ दे. म्हणावं, वोकिंगच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी आली होती, तिने दिलेत.

बाबांचा गुडघा तसाच आहे. तिने दाखवलेला व्यायाम ते चार दिवस करतात आणि सोडतात.

तुझी
आई