प्लास्टिकच्या गाडीचा दरवाजा पाते तापवून कापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीतील छंदांविषयी लेख आला आहे. किटमधून जोडलेल्या प्लास्टिकच्या मोटारीचा दरवाजा उघडता यावा, यासाठी ‘पाते तापवून कापावे’ असे त्यात एका वाक्यात सांगितले आहे. मुलांनी हा सल्ला मनावर घेऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या गाड्यांची बॉडी पॉलिस्टायरिनची असते. तापलेले पाते लागताच हे प्लास्टिक वितळते, कडा फुगतात आणि सुटा झालेला दरवाजा पुन्हा आपल्या जागी बसत नाही. बॉडीवर दरवाज्याची रेषा साच्यातच उमटलेली असते. त्या रेषेतून कटरच्या पात्याची धार न ओढता टोकाची पाठ, म्हणजे बोथट बाजू, ओढावी. धार प्लास्टिक दोन्ही बाजूंना सारून कडा उचलते आणि रेषा सोडून चटकन घसरते, तर पाठ बारीक सालपट काढीत खाच खोल करत जाते. पहिले आठ-दहा हात केवळ वाट पाडण्यासाठी असतात, त्यात मुळीच जोर लावू नये. बॉडी पांढरी असेल तर ती मधूनमधून उजेडाकडे धरावी. पातळ झालेली रेषा आपोआप उजळ दिसते.

वळणाच्या कोपऱ्यात पाते अडते. तिथे बारीक भोक पाडून गोधडी शिवायचा पक्का दोरा ओवावा आणि दोन्ही हातांनी मागेपुढे ओढावा, म्हणजे तो करवतीसारखा कापत जातो. मात्र तो सावकाशच ओढावा, कारण घाईने घर्षण वाढते आणि प्लास्टिक पुन्हा वितळू लागते.

फटीच्या रुंदीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. १:२४ प्रमाणाच्या गाडीत १ मिमी फट म्हणजे खऱ्या गाडीत २४ मिमी, आणि अशी फट कोणत्याही कारखान्यात तपासणीतून सुटणार नाही. जाड करवत वापरून फट रुंद झालीच, तर दरवाज्याच्या कडेला पाव मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी चिकटवून ती पॉलिश पेपरने घासत बसवावी.

मी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात, ३० वर्षे काम केले, तरी माझ्या पहिल्याच गाडीत दोन्ही दरवाजे कापून झाल्यावर छताचा पुढचा खांब बोटांत मोडला. तेव्हापासून मी कापण्याआधी बॉडीच्या खालच्या दोन कडांमध्ये, किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचीच एक काडी आडवी चिकटवतो आणि बिजागऱ्या बसेपर्यंत ती काढत नाही.

शाळांना सुट्टी लागण्यापूर्वी पुरवणीत ही दुरुस्ती छापावी आणि पाते हाताळताना घरातील मोठे माणूस जवळ असावे, असेही त्यात नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
छत्रपती संभाजीनगर