रंगांची पेटी माळ्यावरून खाली काढा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, पण फोनवर काही सांगायला घेतलं की आई जेवणाचं विचारते, बाबा इथलं तापमान विचारतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून हे पत्र. आईने परवा हळूच सांगितलं की बाबांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली. "समुद्र काही साधत नाही, या वयात कशाला तो पसारा," असं म्हणालात म्हणे. आई, तुझं नाव सांगितलं म्हणून रागावू नकोस. एवढं ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही.

बाबा, मी राहते त्या नेदरलँड्सच्या हेग शहरात एक समुद्राचा चित्रकार होऊन गेला, हेन्ड्रिक विलेम मेस्डाख. तोही तुमच्यासारखाच बँकवाला. 1831 साली उत्तरेला ख्रोनिंगन गावात जन्मला. वडिलांची पेढी होती, तिथेच कामाला लागला आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत खतावण्याच लिहीत बसला. फावल्या वेळात चित्रं काढायचा. मग 1866 साली पेढी सोडली आणि बायको-मुलाला घेऊन ब्रसेल्सला विलेम रूलॉफ्स नावाच्या चित्रकाराकडे शिकायला गेला. पस्तिशीचा माणूस, पदरी तीन वर्षांचा मुलगा, आणि पुन्हा विद्यार्थी!

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचे लाड. खरं आहे, आणि तेही सांगायलाच हवं. त्याची बायको सीन्त्ये लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याची मुलगी. तिचे वडील वारले आणि वारशाचे पैसे आले, त्या पैशांवर ह्याने नोकरी सोडली. इथल्या माहितीपत्रकांत "त्याने धाडसी निर्णय घेतला" वगैरे छापतात तेव्हा मला हसू येतं. धाडस कसलं, सासऱ्यांची पुण्याई. तुम्ही नोकरीत असताना आमची शिक्षणं, आजीचं दुखणं आणि घराचे हप्ते एका पगारात बसवले. तुम्ही पस्तिसाव्या वर्षी कुंचला घेतला असता तर आम्ही काय खाल्लं असतं? म्हणून "बघा, त्याने केलं, तुम्ही का नाही" असं मी मुळीच म्हणणार नाही. मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या वागण्याबद्दल.

ब्रसेल्समध्ये तो आधी घरं, अंगणं, झाडं असलं काहीबाही काढत होता. 1868 च्या उन्हाळ्यात हे कुटुंब जर्मनीच्या नॉर्डरनाय बेटावर राहायला गेलं आणि तिथे त्याने समुद्र नीट पाहिला. पुढच्याच वर्षी बिऱ्हाड हेगला हलवलं, कारण हेगला लागून स्खेवेनिंगन हे कोळ्यांचं गाव होतं. तिथे समुद्रासमोर एक खोली भाड्याने घेतली. राहायला नव्हे, नुसतं बघायला. रोज जायचं, खिडकीशी बसायचं, ढग कुठून येतात, ओहोटीला ओली वाळू कसा रंग धरते, लाट फुटताना आतला हिरवा कधी दिसतो, ते टिपायचं. 1870 साली पॅरिसच्या सलों नावाच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात त्याच्या फुटणाऱ्या लाटांच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. पेढी सोडून तेव्हा चारच वर्षं झाली होती.

बाबा, तुम्ही समुद्र काढता कॅलेंडरवरून. रागावू नका, पण तो निळा हर्णैचा नाही. तुमच्या घरापासून बंदर चालत दहा मिनिटांवर, तिथला पावसाळ्यानंतरचा समुद्र मातकट हिरवा असतो, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं. मेस्डाखच्या चित्रांत निळा शोधावा लागतो. सगळा राखाडी, रुपेरी, मळकट पिवळा. उत्तर समुद्र आहेच तसा, मेला बारा महिने सुतकात असल्यासारखा. पण इथे राहून मला आता त्या राखाडीतले दहा प्रकार कळायला लागलेत, आणि त्यातले निम्मे ह्या माणसामुळे.

त्याची सगळीच चित्रं मला आवडतात असं नाही. पुढे नाव झालं, मागणी आली, आणि मग तीच गलबतं, तोच किनारा, तोच सूर्यास्त. संग्रहालयात चार चित्रं ओळीने पाहिली की पाचव्यासमोर पाय थांबत नाही. पण एक काम असं आहे की त्यासाठी त्याला सगळं माफ.

1880 मध्ये एका बेल्जियन कंपनीने त्याला पॅनोरामा काढायचं काम दिलं. तेव्हा युरोपात त्याचं वेड होतं, सिनेमा यायच्या आधीचा सिनेमाच म्हणा. गोल इमारत, आत भिंतभर एकच अखंड चित्र, आणि मधोमध प्रेक्षक. बहुतेक पॅनोरामांत लढाया असायच्या. ह्याने स्खेवेनिंगनचा किनारा काढायचं ठरवलं. सैनपोस्ट नावाच्या वाळूच्या टेकडीवर काचेचं नळकांडं ठेवलं आणि आत बसून चहूबाजूंचं दृश्य काचेवर रेखाटलं. मग चौकटी आखून ते कापडावर मोठं केलं. तुम्ही आमच्या शाळेच्या नाटकाचा पडदा रंगवताना चौकटी आखल्या होत्यात ना, रीत तीच. फक्त इथे कापड 14 मीटर उंच आणि घेर सुमारे 120 मीटर. 1 ऑगस्ट 1881 ला ते लोकांसाठी उघडलं, आणि आजही त्याच जागी आहे.

एकट्याने नाही केलं. ब्रायटनर हा तेव्हाचा तरुण चित्रकार, त्याने वाळूवरून दौडणारे घोडेस्वार काढले. तेओफील द बॉक, ब्लॉमर्स यांनी हात लावला. आणि आई, सीन्त्येनेही. लांबून दिसणाऱ्या गावाची घरं तिच्या हातची. नवऱ्याने तिलाही चित्रात घेतलंय, किनाऱ्यावर पांढऱ्या छत्रीखाली, चित्राचा फळा लाकडी तिकाटण्यावर लावून चित्र काढत बसलेली.

तिच्याविषयी थोडं तुझ्यासाठी लिहिते. त्यांचा एकुलता एक मुलगा क्लास, आपल्याकडे ठेवतात तसं आजोबांचंच नाव ठेवलेलं. 1871 साली आठ वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. सुवर्णपदकानंतर वर्षभरातच. त्यानंतर सीन्त्ये मन लावून चित्रं काढायला लागली, तेव्हा ती पस्तिशी ओलांडलेली होती. तिची माळरानं आणि फुलाफळांची चित्रं मला नवऱ्याच्या सूर्यास्तांपेक्षा कितीतरी जास्त जिवंत वाटतात. हे इथे कुणाला सांगितलं तर भुवया उंचावतात, पण तू कधी पाहिलीस तर तुझंही मत हेच होईल.

पॅनोरामाच्या इमारतीत आत शिरायला अंधारी वाट आहे, मग गोल जिना, आणि वर आलं की एकदम उजेड. चित्राची वरची कड छत्रीसारख्या छताने झाकलेली, खालची कड खऱ्या वाळूने. तिथे सुकं गवत, जुनी जाळी, मोडकं सामान टाकलंय, त्यामुळे वाळू कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. दिवे नाहीत, उजेड वरच्या काचेतून येतो. बाहेर ढग आला की आतला समुद्रही काळवंडतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या एका बाईंनी शालच गुंडाळून घेतली. व्हॅन गॉग पहिल्याच महिन्यात द बॉकबरोबर बघायला गेला होता. भावाला पत्रात त्याने रेम्ब्रांटच्या चित्राबद्दलचं कुणाचं तरी एक वाक्य आठवून लिहिलंय की ह्याचा दोष एवढाच की ह्यात दोष नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या चित्रात किनाऱ्यावर नावा उभ्या आहेत, सपाट तळाच्या, रुंद, बसक्या. बॉम म्हणतात त्यांना. स्खेवेनिंगनला बंदरच नव्हतं, म्हणून नावा थेट वाळूवर आणायच्या आणि घोडे लावून वर ओढायच्या. डिसेंबर 1894 च्या वादळाने किनाऱ्यावरच्या नावांची पार दैना केली, मग बंदर बांधायचं ठरलं आणि 1904 साली ते झालंही. सपाट तळाच्या नावेची गरज संपली. ज्या टेकडीवर काच ठेवून त्याने दृश्य टिपलं तीही खणून काढली. ती नाव, ती टेकडी, ते गाव जसं होतं तसं बघायचं तर आता त्या गोल खोलीतच जायचं. पॅनोरामाच्या त्या बेल्जियन कंपनीचं तर 1886 मध्येच दिवाळं निघालं होतं. मेस्डाखने पॅनोरामा स्वतःच्या पैशांनी विकत घेतला आणि पुढे तोटा सोसून चालवला. बँकवाल्याच्या मुलाने केलेला हा एकच आतबट्ट्याचा व्यवहार मला फार आवडतो.

हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी बैलगाड्या पाण्यात शिरतात. बोटी खोल पाण्यात, मासळी होडीत, होडीतून गाडीत, आणि बैल पोटापर्यंत पाण्यात उभे. मागे सुवर्णदुर्ग. जेट्टी होणार होणार हे मी परकरात असल्यापासून ऐकतेय. व्हायलाच हवी, कोळ्यांचे हाल कमी होतील. पण झाली की त्या गाड्या थांबतील, आणि त्यांचे फोटो हजारोंनी असतील, सगळे पर्यटकांनी पाच मिनिटांत काढलेले. तुम्ही चाळीस वर्षं पाहिलंय ते. बैल पाण्यात शिरायला कुठे बिचकतो, ओली दोरी कशी लोंबते, हे तुम्हाला न बघता सांगता येतं.

तेव्हा समुद्र साधत नसेल तर तूर्त राहू द्या. बैल काढा, गाडीचं चाक काढा. हात थरथरतो म्हणता, तर पेन्सिल सोडून कोळसा घ्या, मोठ्या कागदावर काढा. दापोलीत मोठा कागद मिळत नसेल तर पुण्याहून दादा आणेल, मी त्याला सांगितलंय. आणि कॅलेंडर भिंतीवरून काढून टाका. आई, संध्याकाळी पाच वाजता ह्यांना बंदरावर पाठव, पिशवी हातात दे, म्हणजे मासळीही येईल.

चित्र झालं की फोटो तिरका काढू नका, समोरून काढा, उजेडात.

व्हिसाचे कागद मी पुढच्या आठवड्यात पाठवते. एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा इथे जरा ऊन असतं. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते नक्की कळवा. जिना गोल आहे पण मोठा नाही, आणि कठडा आहे, सावकाश चढू.

तुमची,
मनू