पाय कापण्याआधी पुवातले कण तपासा

महोदय,

पायाला सूज, त्यावर गाठी, गाठींना तोंडे आणि त्यातून पुवाबरोबर पडणारे रव्यासारखे कण. या दुखण्याला ‘मदुरा फूट’ म्हणतात. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याला ते काट्यातून होते आणि फारसे दुखत नसल्याने वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी 1860 च्या सुमारास ते बुरशीमुळे होते असे मांडले. पण पुढे कळले, की याचे दोन प्रकार आहेत. एक बुरशीचा, दुसरा जिवाणूंचा. दोन्ही दिसायला सारखेच, औषधे मात्र अगदी वेगळी.

सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग असलेल्या माझ्या थोरल्या बंधूंना आधी बुरशीच्या गोळ्या दिल्या गेल्या. उतार पडेना, तेव्हा एका ठिकाणी घोट्यापासून पाय काढायचा सल्ला मिळाला. वहिनींनी तर जमीन विकायची तयारी केली होती. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी गाठीचा तुकडा आणि कण तपासायला पाठवले. निघाले जिवाणू! (काळे कण असतील तर बुरशी, पण पांढरे-पिवळसर कण दोन्हींत असतात, नुसत्या डोळ्यांनी भागत नाही.)

जिवाणूंच्या प्रकारावरचा नेहमीचा उपाय म्हणजे को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या आणि अमिकासिनची इंजेक्शने. दादांच्या अंगावर त्या गोळ्यांतल्या सल्फाने पुरळ उठले. तरीही मार्ग खुंटला नाही. बाईंनी गोळी बदलून डॉक्सिसायक्लिन सुरू केले. सगळी जुनी, परवडणारी औषधे. पण महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडून चालत नाही. अमिकासिनने कान आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून दोन्हींची तपासणी वरचेवर करावी लागते. आज दादा बागेत चालतात, बूट घालून.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये हा आजार उपेक्षित आजारांच्या यादीत घेतला. आपल्याकडे किमान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कणांची तपासणी, कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणे) आणि अमिकासिन घेणाऱ्यांची श्रवणचाचणी मोफत व्हावी. तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय कुणाच्याही पायावर शस्त्र चालवू नये, अशी सूचना आरोग्य खात्याने काढावी. आणि ज्यांच्या गाठीतून असे कण पडतात त्यांनी ते धुऊन टाकू नयेत. स्वच्छ गॉजमध्ये घेऊन डॉक्टरांना दाखवावेत.

– एक निवृत्त शिक्षक, सांगोला