रस्त्याला मीटर नाही

महोदय,
शहरातील रस्ते, पदपथ आणि पथदिव्यांची देखभाल खासगी भागीदारीतून करावी, याला माझा विरोध नाही. नागपूरचा पाणीपुरवठा २०१२ पासून २५ वर्षांच्या अशाच करारावर चालतो. पण पाण्याला मीटर आहे, रस्त्याला नाही. मग कंपनीला पैसे कशाचे मोजायचे?

सक्करदऱ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. समोरचा सिमेंट रस्ता झाला तो उंबऱ्यापेक्षा वीतभर उंच. पावसाचं पाणी थेट आत, खालच्या रॅकवरचे खिळे गंजून जातात. पुढे केबलसाठी कडेचे गट्टू उखडले, तसेच मातीत दाबून ठेवले. पाय पडला की चिखलाची पिचकारी गिऱ्हाइकाच्या पँटवर! रस्तेवाला म्हणतो खोदणारा दुसरा, खोदणारा म्हणतो परवानगी होती.

महामार्गांच्या हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत कंत्राटदाराला सरकारकडून ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते, उरलेली नंतर हप्त्यांनी. शहरातही हप्ता अडवून धरता यावा. खड्डा किंवा बंद दिवा मुदतीत दुरुस्त झाला नाही, तर कपात. खोदकामानंतरची दुरुस्तीही त्याच कंपनीच्या गळ्यात बांधावी आणि कराराची प्रत झोन कार्यालयात लावावी, मराठीत.

– एक दुकानदार, सक्करदरा, नागपूर